काचेवर चिकटवलेला वसंत

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि गेली नऊ वर्षं मी उघडलेली नाही. उघडत नाहीस तर तू खिडकी कसली, भिंतच की, असं तुम्ही म्हणाल. मलाही अधूनमधून तसंच वाटतं. पण भिंतीला बाहेरचं दिसत नाही आणि मला दिसतं. दिसतं सगळं, हाताला काही लागत नाही. भिंत झाले असते तर निदान सुखी तरी झाले असते.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. लाकूड कुठल्याशा मोडलेल्या पुलाच्या फळ्यांचं होतं. म्हणून माझ्या उजव्या झडपेत अजून मोठाल्या खिळ्यांची दोन भोकं आहेत, भुसा आणि सरस कालवून बुजवलेली. दोन झडपा, प्रत्येक झडपेत दोन काचा, चार बिजागऱ्या आणि मध्ये एक कडी, एवढा माझा जामानिमा. मी बाहेरच्या बाजूला उघडते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं आहे.

सुताराने मला एका बालवाडीच्या मागच्या खोलीत बसवलं. माझ्याखाली बाहेर हातभर रुंद दगडी पट्टी आहे. तिच्यापलीकडे एक अरुंद बोळ, मोडक्या बाकांनी भरलेला, मग कुंपणाची भिंत, आणि भिंतीपाशी एक झाड. त्या बोळात कोणी येत नाही. मोडलेलं बाक ठेवायचं असेल तरच येतं, आणि ठेवून लगेच जातं.

सुरुवातीची वर्षं माझी फार मानाची गेली. तेव्हाच्या बाई सकाळी आल्या की आधी माझी कडी काढायच्या आणि मग चपला. मुलं रांगेने यायची, एकेक हात बाहेर काढायची आणि आजची हवा कशी आहे ते सांगायची. "गार!" "ओली!" "मऊ!" एकदा एकाने "तिखट" म्हणून सांगितलं. बाईंनी तेही फळ्यावर लिहिलं. "या खिडकीला पगार द्यायला पाहिजे," असं त्या म्हणायच्या. कोणी दिला नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

मग त्या बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी रंगारी आला.

रंगारी वाईट नव्हता. सांध्याला रंग लावताना झडपा उघड्या ठेवायच्या आणि वाळेपर्यंत तशाच राहू द्यायच्या, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या सारख्या येऊन "झालं का? झालं का?" विचारत होत्या. शेवटी त्याने मला बंद केलं आणि आतून-बाहेरून पिस्ता रंगाचे दोन हात मारले. सांध्यावर मारले, बिजागऱ्यांवर मारले, कडीवरही मारले. रंग वाळला आणि माझ्या दोन झडपांची एक पाटी झाली.

आठ दिवसांनी कोणीतरी मला उघडायला गेलं. मी उघडले नाही.

"असू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "धूळ येणार नाही. शिवाय दिसते किती छान!"

बघा, मी छान दिसत होते. एखाद्याला अडकवून ठेवायचं असेल तर त्याचं कौतुक करावं, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे माझ्यावर ऋतू चिकटवायला सुरुवात झाली. पावसाळा आला की कागदी छत्र्या, हिवाळा आला की कापसाचं धुकं. माझ्या काचांमधून उजेड येतो, त्यामुळे चित्रं उठून दिसतात. आधी काचांना खाकी कागद लावायचा आणि मग त्यावर चित्र. डिंक भरपूर. माझ्याकडे बघून मुलं ऋतू शिकू लागली आणि माझ्यातून बघणं बंद झालं.

या वर्षी एक नवीन ताई आल्या. तरुण, हसऱ्या, ओढणीला कायम डिंकाचे डाग. त्यांनी केलेला वसंत मात्र नामी होता. घोटीव कागदाचं झाड, गुलाबी फुलं, कापसाची फुलपाखरं, आणि एका फांदीवर खऱ्या काड्यांचं चिमुकलं घरटं. त्यात साबुदाण्याची तीन अंडी.

"वसंत आला की काय होतं?" ताईंनी विचारलं.

"पानं येतात!" वर्ग ओरडला.

"अजून?"

"फुलं येतात!"

"अजून काय येतं?"

"परीक्षा येते," मागून एक आवाज आला. त्याचा मोठा भाऊ दहावीला होता.

पाठीमागे, माझ्या दुसऱ्या बाजूला, कुंपणाजवळच्या झाडाला तांबूस, चमकदार, बोटाच्या पेराएवढी पानं फुटली होती. मला दिसत होती. मी सांगणार कोणाला?

त्याच आठवड्यात होल्यांची एक जोडी माझ्या दगडी पट्टीवर आली. होला तुम्ही पाहिला असेल. कबुतराचा गरीब चुलतभाऊ. करडा, साधा, उन्हात बसून घुमत राहणारा. घर बांधायचं काम मात्र त्याला जमत नाही. आणा काडी, ठेवा काडी, अर्ध्या खाली पडल्या तरी चालेल. पाच दिवसांत वीस-पंचवीस काड्यांचा पसारा झाला, बरोबर माझ्या दोन झडपा जिथे मिळतात तिथे, माझ्या लाकडाला टेकून. ताईंच्या कागदी घरट्यासमोर त्याने मान खाली घालावी असला तो संसार. पण त्यात दोन अंडी आली, पांढरी, आणि ती साबुदाण्याची नव्हती.

मादी त्यावर बसली. तिच्या पोटाची ऊब माझ्या लाकडाला लागू लागली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला बाहेरून कोणीतरी टेकलं होतं.

आता वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते. वय साडेचार. जे काही चिकटवलेलं असेल ते नखाने खरवडून काढायचं, हा तिचा छंद. डब्यावरची चिठ्ठी, बाकाचा पापुद्रा, गुडघ्यावरची खपली, काहीच तिच्यापासून सुरक्षित नव्हतं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिचं नाव ठेवलं खरवड. दुधाच्या पातेल्याच्या तळाशी चिकटते ती. तिला ते नाव फार आवडायचं, कारण खरवडही तिला आवडायची.

खरवड माझ्या अगदी खाली, सतरंजीच्या टोकाला बसायची. तिने दोन दिवसांत झाडाच्या बुंध्याला शर्टाच्या बटणाएवढं भोक पाडलं. खाकी कागदही गेला. मग तिने त्याला डोळा लावला.

पलीकडून दुसऱ्या एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं. गोल, तांबडा, न हलणारा.

खरवड बराच वेळ तशीच राहिली. श्वाससुद्धा तिने नाकाने हळूच घेतला. मग ती वळली आणि ताईंपाशी जाऊन म्हणाली, "ताई, तिथे आई बसलीये."

"कुठे गं?"

"झाडात."

"हो का? छान हं," ताई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात कोणाचं तरी गळकं नाक होतं आणि दुसऱ्या हातात कात्री. पण मग त्यांना बुंध्याचं भोक दिसलं. "अगं बाई! तू आपला वसंत फाडलास?"

ताईंनी भोकावर तपकिरी कागदाचं ठिगळ लावलं आणि खरवडीची जागा बदलली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाजवळ.

तिथून ती रोज सांगायची. "ताई, आई एकटी बसलीये." "ताई, आईला भूक लागली असेल." ताईंच्या मनात आलं, पोरीला घरची आठवण येते. त्यांनी प्रेमाने तिला जवळ घेतलं आणि शाळा सुटताना तिच्या आईला दारात गाठून सगळं सांगितलं.

"माझी आठवण?" आई म्हणाली. "अहो ताई, घरी मी चार हाका मारते तेव्हा ही एक 'ओ' देते. आठवण कसली काढतेय!"

"अहो, पण रडवेली होते हो."

"मग दुसऱ्या कोणाची तरी आई असेल," आई हसून म्हणाली आणि खरवडीला घेऊन गेली. ती अगदी बरोबर बोलली होती, पण दोघींनाही ते कळलं नाही. मी समोरच होते, पण दाखवणार कशी? माझ्या सगळ्या काचा झाकलेल्या होत्या.

इकडे ऊन वाढत चाललं होतं. खोलीत डिंकाचा वास, खडूचा वास, डब्यात उरलेल्याचा वास, आणि रोज कोणीतरी एक ओलं करायचं त्याचा वास. पंखा तीच हवा गोल गोल वाटायचा. ताईंचं डोकं दुखायला लागलं, मुलं पेंगायला लागली. आणि मग ताईंनी जे केलं त्याची मी नऊ वर्षं वाट बघत होते. त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि खिडकी उघडून द्या म्हणाल्या.

"अगं, नऊ वर्षं बंद आहे ती. कोणाचं काही अडलं का?"

"माझं अडलंय, बाई. मुलांचं अडलंय. हवा नको का?"

"दिसते इतकी छान..."

"बाई, दिसण्यावर दिवस काढायला ती काय नवरी आहे?"

मोठ्या बाई हसल्या. त्या हसल्या म्हणजे काम झालं. गुरुवारी सुतार यायचं ठरलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? ते ऐकून मला इतका आनंद झाला की होल्याची आठवणही झाली नाही. दोन दिवस मी वाऱ्याचाच विचार केला. झडपा भिंतीला जाऊन टेकतील, बिजागऱ्या करकरतील, कोणीतरी हात बाहेर काढील. बुधवारी दुपारी बाहेर ती मादी जराशी उठली, अंडी चोचीने फिरवली आणि पुन्हा बसली. तिची शेपटी माझ्या सांध्याला लागली आणि मला धस्स झालं. मी बाहेर उघडते. ती माझ्या दोन्ही झडपांच्या समोर बसली होती. एक झडप बंद ठेवली तरी दुसरी तिला ढकलून देणार.

मला उघडायचंही होतं आणि उघडायचंही नव्हतं. आणि दोन्हींपैकी काहीच माझ्या हातात नव्हतं. खिडकीला कोणी विचारतं का?

गुरुवारी सुतारकाका आले. कानावर पेन्सिल, हातात पातळ पातं आणि पटाशी. ताईंनी सगळ्या मुलांना कपाटाच्या बाजूला बसवलं. "कोणी जागचं हलायचं नाही. काका धारदार हत्यारं वापरतायत."

काकांनी पातं सांध्यात घातलं. पिस्ता रंगाची साल निघून खाली पडू लागली. दुखत होतं आणि बरंही वाटत होतं. वर्षानुवर्षं रंगात घट्ट बसलेली कडी मोकळी झाली. वरचा सांधा सुटला. डावीकडचा सुटला. सुटलेल्या फटीतून वाऱ्याची एक बारीक रेघ आत आली आणि पुढच्या बाकावरच्या कागदाचा कोपरा हलला. वर्गातून "आऽऽ" असा आवाज आला. बाहेर मादी अंगाचा गोळा करून बसली होती. ती उडाली नाही. आवाज तिच्या डोक्याशी चालला होता, तरी उडाली नाही.

मी लाकूड आवळून धरलं. खरंच सांगते, जितकं आवळता येईल तितकं. जुनं लाकूड तेवढंच करू शकतं.

"चिवट आहे बया," काका म्हणाले. त्यांनी पटाशी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे माझ्या झडपांवर टेकवले. "आता एक दणका द्यायचा, की उघडलीच."

तेवढ्यात खरवड उठली. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं, तरी उठली. खोली ओलांडून धावत आली आणि काकांच्या पायाला मिठी मारली.

"नको! तिला लागेल!"

"कोणाला लागेल?" काका दचकले.

"आईला!"

"अगं, तुझी आई घरी आहे," ताई तिला सोडवू लागल्या. "ये इकडे. येईल हं आई, आता येईल."

"माझी नाही! माझी कशाला? माझी घरीच आहे!" खरवड रडत ओरडली. "अंड्यांची! अंड्यांची आई आहे तिथे!"

ताई कागदी घरट्याकडे बघू लागल्या. साबुदाण्याच्या तीन अंड्यांपैकी एक केव्हाच पडलं होतं. "सोनू, ती खोटी अंडी आहेत. कागदाचं आहे ना ते सगळं?"

खरवडीने ताईंचा हात झटकला. टाचा उंचावल्या, बुंध्यावरच्या ठिगळात नख घातलं आणि ते टरकन ओढून काढलं.

"बघा ना," ती काकांना म्हणाली. ताईंना सांगून ती थकली होती.

सुतारकाका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी भोकाला डोळा लावला.  काका खूप वेळ उठले नाहीत. मग त्यांनी माझ्या झडपेवर राहिलेला हात अगदी हळू काढला, गरम पातेल्यावरून काढावा तसा.

"ताई," ते कुजबुजले, "खिडकी उघडता यायची नाही."

"का? रंग तर निघाला की सगळा."

"रंग निघाला. पण भाडेकरू आहे."

ताईंनी डोळा लावला. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या खरवडीसमोर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू मला रोज सांगत होतीस."

"हो," खरवड म्हणाली. "रोज."

"मी ऐकलं नाही गं."

"तुझ्या हातात कात्री होती," खरवड म्हणाली आणि फ्रॉकला नाक पुसलं.

त्या दिवशी दुपारी ताईंनी माझ्यावरचा वसंत उतरवला. फुलं, फुलपाखरं, खाकी कागद, सगळं. घाई न करता, ओल्या फडक्याने, मावशींना मदतीला घेऊन. मावशी पुटपुटत होत्या, "लावताना वर्गभर नाचायचं आणि काढायला मी." पण काच पुसून झाल्यावर त्या स्वतःच सगळ्यांत आधी नाक टेकवून उभ्या राहिल्या. "अगंबाई, काय हे घर! चार काड्या नाहीत धड. हिला सासू नाही वाटतं कोणी."

मोठ्या बाई फेरीवर आल्या आणि मोकळी काच बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ताई, वसंत कुठे गेला?"

वीस मुलांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. मोठ्या बाईंना गप्प करण्याची हिंमत त्या इमारतीत आजवर कोणी केली नव्हती. त्या गप्प झाल्या, पुढे आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि बघत राहिल्या. घंटा वाजली तरी बघत राहिल्या.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत गर्दीचे गेले. अंडी फुटली. पिल्लं निघाली ती इतकी कुरूप की एक मुलगी म्हणाली, "हे पक्षी आहेत की आल्याचे तुकडे?" रोज पाळीपाळीने पाच-पाच मुलं काचेपाशी बसायची. बोलायचं नाही, टकटक करायची नाही, एवढाच नियम. घोटीव कागदाच्या वसंतात जे नव्हतं ते सगळं त्यांनी तिथे पाहिलं. पिल्लू आईच्या घशात अख्खी चोच घालून जेवतं. घरट्यात घाण होते आणि कोणी पुसत नाही. झाडाची तांबूस पानं हिरवी होतात आणि त्यात मजा कमी होते. एका दुपारी मांजर बोळातल्या बाकांवर चढलं, तेव्हा वीस जणांनी नियम मोडून काच बडवली आणि मांजर पळालं. नियम मोडला म्हणून ताई रागावल्या नाहीत. त्यांनीही बडवली होती.

मी मात्र बंदच होते. सगळा रंग सुटलेला, कडी मोकळी, एका धक्क्याचं काम राहिलेलं, आणि तरीही बंद. मी काही साधुसंत नाही, मित्रांनो. पिल्लांना पंख फुटताना बघून मला आनंद व्हायचा, आणि रोज मनात यायचं, उडा आता, किती बसता! रंगाने अडकलेलं असताना कोणावर रागावता तरी येत होतं. आता रागवायलाही कोणी नव्हतं.

पिल्लं उडाली. आधी एक, मग दोन दिवसांनी दुसरं, तेही मोडक्या बाकावर आपटून. ताईंनी सुतारकाकांना निरोप धाडला. काका शनिवारी आले, बाह्या सरसावल्या, आणि सवयीने आधी काचेतून डोकावले. मग हसत मागे फिरले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"परत बसलीये. त्याच काड्यांवर. एक अंडं आहे, दुसरं उद्या घालेल."

सगळा वर्ग आनंदाने ओरडला. मी ओरडले नाही. मला थोडं रडावंसं वाटलं. पण तिची ऊब पुन्हा माझ्या लाकडाला लागली होती आणि मी काय सांगू, ते बरंही वाटलं.

उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. आज मुलांनी ताईंना एक चिठ्ठी लिहायला लावली आणि ती माझ्या चौकटीवर, लाकडावर लावली. काचेवर लावायची नाही, असं खरवडीने बजावलं. चिठ्ठीत लिहिलं आहे, 'ही खिडकी चांगली आहे. आत्ता उघडू नका.' पहिलं वाक्य मुलांनी हट्टाने घालायला लावलं. कोणी तरी येईल आणि खिडकी बिघडली आहे असं समजेल, म्हणून.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात कुठे तरी माझी एखादी बहीण असेल. तिच्यासाठी थोडं मागते. रंग देताना सांधा मोकळा ठेवायला सांगा. काचेवर काही चिकटवायच्या आधी पलीकडे काय आहे ते बघून घ्या. एखादं लहान मूल रोज तेच तेच सांगत असेल, तर हातातली कात्री खाली ठेवा आणि त्याच्या उंचीवर वाकून एकदा बघा. आणि बंद खिडकी दिसली की लगेच दणका देऊ नका. उघडायला तर आम्हाला सगळ्यांनाच हवं असतं. पण आधी काचेवर बोटाने हलकेच दोन टिचक्या मारा आणि थोडं थांबा. पलीकडे कोणी बसलं असेल, तर त्याला उठायला वेळ लागतो.